काय मागावें आणि किती मागावें

रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर जो छापील कागद भरून द्यावा लागतो, तो आपणांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. गाडीचा क्रमांक, प्रवासाची तारीख, कोठून कोठें जावयाचें, प्रवाशाचें नांव, वय, अशाच गोष्टी त्यांत विचारलेल्या असतात. डब्याला चाकें किती, तो या क्षणीं कोणत्या रुळावर उभा आहे, हें आपणांस कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच तर आपणांस तें सांगतांहि येणार नाहीं. याचा अर्थ असा कीं, त्या कागदावरील रकाने ठरवितांना कोणीतरी एक विवेक केलेला आहे. प्रवाशाला जें सहजगत्या ठाऊक असतें तेवढेंच त्याला विचारावें, आणि खात्याच्या अंतर्गत व्यवहाराचा भार त्याच्या माथीं मारूं नये, हा तो विवेक होय.

संगणकाच्या क्षेत्रांत हा विवेक कसकसा उदयास आला, त्याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा माझा विचार आहे. संगणक ज्या आज्ञावलींवर चालतो, त्या लहान लहान भागांच्या बनलेल्या असतात. प्रत्येक भागाला बाहेरच्यांशीं बोलण्याची एक खिडकी असते; तिला इंटरफेस म्हणतात. त्या खिडकीवर काम सांगतांना जी माहिती पुरवावी लागते, तिच्या एकेका रकान्यास पॅरामीटर असें नांव आहे. हे रकाने कोणते असावेत, किती असावेत, कोणत्या क्रमानें असावेत, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु गेल्या पाऊणशें वर्षांत अनेक विद्वानांनीं त्यावर आपली बुद्धि खर्च केली आहे, आणि अशा एका रकान्यांतील चुकीमुळें कोट्यवधि मैल प्रवास करून गेलेलें एक अवकाशयान नष्ट झालेलें आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत होतो. ता. ६ मे १९४९ रोजीं तेथील एडसॅक नांवाच्या यंत्रानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून आपलें पहिलें काम पुरें केलें. मॉरिस विल्क्स हे या कार्याचे प्रमुख, आणि डेव्हिड व्हीलर व स्टॅनली गिल हे त्यांचे तरुण सहकारी. यंत्र चालूं लागतांच एक अडचण ध्यानांत आली. वर्गमूळ काढणें, आंकडे छापणें यांसारखीं कामें प्रत्येक गणितांत पुन्हां पुन्हां लागतात. दर खेपेस त्यांच्या आज्ञा नव्यानें लिहावयाच्या म्हणजे नव्या चुकांना आमंत्रणच देणें. म्हणून या मंडळींनीं अशीं कामें एकदांच काळजीपूर्वक लिहून, कागदी फितींवर छिद्रांच्या रूपानें उमटवून, त्यांचा एक संग्रह सिद्ध केला. अशा प्रत्येक तयार कामाला सबरूटीन हें नांव मिळालें. ज्याला जें हवें असेल त्यानें त्या फितीची नक्कल आपल्या फितींत जोडावी, म्हणजे झालें.

परंतु तयार वस्तु सर्वांना जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीं. एकाला वर्गमूळ पाहिजे असतें तें एका संख्येचें, दुसऱ्याला दुसरीचें. एकाला उत्तर पांच अंकांपर्यंत छापावयाचें असतें, दुसऱ्याला दहा. येथें केंब्रिजच्या मंडळींनीं पॅरामीटरचे दोन प्रकार केले. पहिला प्रकार, फीत यंत्रांत भरतांनाच एकदां ठरून जाणाऱ्या गोष्टींचा. आणि दुसरा, प्रत्येक वेळीं काम सांगतांना हुकुमाच्या लगेच पुढें लिहून द्यावयाच्या गोष्टींचा. कोणती गोष्ट एकदांच विचारावयाची आणि कोणती दर खेपेस, हा भेद तेव्हांपासून आजतागायत या विद्येच्या मुळाशीं राहिला आहे. विल्क्स, व्हीलर आणि गिल या त्रयीनें १९५१ सालीं आज्ञावली-लेखनावर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. पुढील वर्षीं व्हीलर यांनीं एका छोट्या निबंधांत एक मार्मिक विचार मांडला. सबरूटीन लिहिणें व तपासणें हें काम झाल्यावरहि एक काम उरतें, आणि तेंच कदाचित् सर्वांत अवघड असतें, असें त्यांचें म्हणणें होतें. तें काम म्हणजे, आंतली रचना मुळींच ठाऊक नसलेल्या माणसालाहि ती वापरतां यावी असें तिचें वर्णन करणें. ज्या काळीं सबंध यंत्र एका मोठ्या दालनांत मावत असे आणि तें वापरणारे लोक एकमेकांना नांवानें ओळखीत, त्या काळीं परक्या माणसाची ही चिंता कोणाला वाटावी, हें विशेष होय.

यानंतरचा टप्पा अमेरिकेंतला. आय.बी.एम. कंपनींत जॉन बॅकस यांच्या मंडळीनें १९५७ सालीं फोर्ट्रान ही भाषा तयार केली, आणि १९५८ सालच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत लेखकाला स्वतःचीं सबरूटीनें लिहून त्यांस कंसांत पॅरामीटर देण्याची सोय झाली. आतां रकान्यांना रूप आलें. परंतु दोन संकटेंहि आलीं.

पहिलें संकट मूळ आणि नक्कल यांच्यासंबंधींचें. आपण एखाद्या कचेरींत आपला दाखला देतों तेव्हां नक्कल देतों, मूळ कागद जपून ठेवतों. फोर्ट्रानच्या रूढ पद्धतींत सबरूटीनच्या हातीं मूळ कागदच जात असे, म्हणजे आपली संख्या जेथें ठेवलेली असेल त्या जागेचा पत्ताच मिळत असे. तिनें त्यावर कांहीं खाडाखोड केली तर ती आपल्याच दप्तरांत उमटे. कांहीं जुन्या यंत्रणांत तर असेंहि घडे कीं, कोणी ४ हा आंकडा दिला आणि सबरूटीननें त्या जागीं ५ लिहिले, तर पुढें त्या आज्ञावलींत जेथें जेथें ४ लिहिलेला असेल तेथें तेथें यंत्र ५ समजून चाले! पॅरिस येथें जानेवारी १९६० मध्यें जमलेल्या तेरा विद्वानांनीं अल्गोल ६० ही भाषा ठरवितांना या प्रश्नाचा स्पष्ट विचार केला, आणि नुसती किंमत द्यावयाची कीं नाही हें रकान्यागणिक सांगण्याची सोय केली. किंमतीचा रकाना म्हणजे नक्कल. दुसरा जो प्रकार त्यांनीं ठेवला, त्यांत दिलेली राशि प्रत्येक उपयोगाच्या वेळीं पुन्हां नव्यानें मोजली जाई. त्यांतून चतुर लोकांनीं नाना करामती केल्या. पण वाचणाऱ्यास परिणामाचा अंदाज बांधणें दुर्घट झालें, आणि पुढच्या बहुतेक भाषांनीं तो प्रकार सोडून दिला. दिलेली वस्तु अबाधित परत मिळणार कीं नाही, हें देणाऱ्याला आधीं कळलें पाहिजे, हा धडा मात्र कायम राहिला.

दुसरें संकट क्रमाचें. फोर्ट्रानमध्यें कोणता आंकडा कशासाठीं, हें केवळ त्याच्या स्थानावरून ठरे. मराठी भाषा बोलणाऱ्यांना यांतील उणीव चटकन् उमजावी. 'रामानें गोविंदाला पुस्तक दिलें' या वाक्यांतील शब्द कसेहि मागें-पुढें केले तरी देणारा कोण व घेणारा कोण यांत घोटाळा होत नाहीं. कारण प्रत्येक शब्दाच्या पाठीशीं विभक्तीचा प्रत्यय उभा असतो. फोर्ट्रानच्या रकान्यांना विभक्तिप्रत्यय नव्हते. पैसे कोणाच्या खात्यांतून काढावयाचे व कोणाच्या खात्यांत घालावयाचे, हे दोन रकाने शेजारीं शेजारीं असले आणि त्यांची अदलाबदल झाली, तर यंत्र निमूटपणें उलटा व्यवहार करून मोकळें होई.

या दोन्ही संकटांवर उपाय शोधतांना जी कल्पना सर्वांत फलदायी ठरली, ती नॉर्वेच्या ऑस्लो शहरांत जन्मास आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर हे दोघे विद्वान संगणकावर रांगा, कारखाने, वाहतूक यांच्या व्यवहारांचें अनुकरण करण्याच्या खटपटींत होते. त्यांनीं १९६७ सालीं सिम्युला या भाषेंत क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आणल्या. ऑब्जेक्ट म्हणजे अशी वस्तु, जी आपली माहिती आपल्याजवळ बाळगते आणि त्या माहितीवर करावयाचीं कामेंहि स्वतःच करते. अशा कामाला पुढें मेथड हें नांव रूढ झालें. पूर्वी बँकेच्या खात्यांतून पैसे काढण्याच्या सबरूटीनला खात्याचा क्रमांक, शिल्लक, मर्यादा, रक्कम हें सर्व दर खेपेस सांगावें लागे. आतां खातें हीच एक वस्तु झाली. शिल्लक आणि मर्यादा तिच्याजवळच आहेत. तिला फक्त रक्कम सांगावयाची. एकदां ठरणाऱ्या गोष्टी वस्तूच्या जन्मकाळीं विचाराव्या, आणि प्रसंगोपात्त बदलणाऱ्या तेवढ्या मेथडच्या रकान्यांत ठेवाव्या. केंब्रिजच्या त्या दोन प्रकारांचेंच हें नवें रूप नव्हे काय? डाल आणि नीगोर यांना २००१ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि २००२ सालीं थोड्याच आठवड्यांच्या अंतरानें ते दोघेहि दिवंगत झाले.

विभक्तिप्रत्ययांची उणीव भरून काढली ती कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनालयानें. ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनीं १९७० नंतरच्या दशकांत स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तिच्यांत प्रत्येक रकान्याचें नांव हें मेथडच्या नांवाचाच एक भाग असे. त्यामुळें आज्ञा वाचतांना कोणता आंकडा कशासाठीं हें डोळ्यांना दिसे. २०१४ सालीं निघालेल्या स्विफ्ट या भाषेंतहि हीच रीत कायम आहे.

याच दशकांत दोन विचार असे पुढें आले कीं, ज्यांनीं या विषयाला शास्त्राचें स्वरूप दिलें. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालच्या एका निबंधांत सांगितलें कीं, आज्ञावलीचे भाग पाडतांना कामाचा क्रम पाहूं नये. ज्या निर्णयांत पुढें बदल होण्याचा संभव आहे तो एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटांत लपवावा. खिडकीवर त्याची खूणहि दिसतां कामा नये. पुढें १९७४ सालीं स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन या तिघांनीं दोन भागांमधील गुंतागुंतीचे प्रकार लावून दाखविले. त्यांतील एक प्रकार आजहि पदोपदीं आढळतो. 'पत्र पाठव' या आज्ञेपुढें कंसांत पत्राचें नांव आणि मग 'होय, नाहीं, होय' असे तीन रकाने असले, तर वाचणाऱ्यानें काय समजावें? या होय-नाहींच्या रकान्यांतून मागणारा मनुष्य आंतल्या कारभाऱ्याला 'तूं आंत कोणत्या वाटेनें जा' हें सांगत असतो. म्हणजे आंतली वाट त्याला ठाऊक असावी लागते. त्यापेक्षां दोन निराळीं कामें दोन निराळ्या नांवांनीं ठेवलेलीं बरीं.

फ्रेंच विद्वान बर्त्राँ मेयर यांनीं एफेल भाषेच्या निमित्तानें या विचाराला आणखी धार आणली. त्यांच्या मतें कामाचा विषय एक आणि कामाच्या आवडीनिवडी दुसऱ्या. शिंप्याकडे सदरा शिवावयास टाकतांना कापड दिल्यावांचून काम सुरूच होत नाहीं. गुंड्या कोणत्या, खिसे किती, हा आवडीचा भाग होय. पहिल्या प्रकारची गोष्ट रकान्यांत मागावी. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींना एक रूढ उत्तर ठरवून ठेवावें, आणि ज्याला बदल हवा असेल त्यानें तो निराळा सांगावा. कारण आवडीनिवडींची यादी काळाबरोबर वाढत जाते, आणि ती रकान्यांत घातली तर प्रत्येक वाढीबरोबर जुन्या सर्व गिऱ्हाइकांना आपले कागद नव्यानें भरावे लागतात. खिडकी म्हणजे दोन पक्षांमधील करार, ही कल्पनाहि मेयर यांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें मांडली. मागणाऱ्यानें कोणत्या अटी पाळावयाच्या आणि त्या पाळल्यास करणाऱ्यानें काय द्यावयाचें, हें दोन्ही लिहून ठेवावें.

करार म्हटला कीं बदली माणसाचा प्रश्न येतो. खिडकीवरील नेहमींचा कारकून रजेवर गेला आणि त्याच्या जागीं आलेला मनुष्य आणखी एक दाखला मागूं लागला, तर रांगेंत कोलाहल माजेल. मॅसॅच्युसेट्स येथील विदुषी बार्बरा लिस्कोव्ह यांनीं १९८७ सालच्या एका भाषणांत, आणि पुढें १९९४ सालीं जीनेट विंग यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधांत, या प्रश्नाला नेमकेपणा आणला. त्याचें सार असें सांगतां येईल : बदली माणसानें मागणी वाढवूं नये आणि देणें कमी करूं नये. खुद्द एफेल भाषा या बाबतींत थोडी सैल होती. समजा, 'पशु' या वर्गाला 'हें खाद्य खा' अशी आज्ञा आहे, आणि त्याचा पोटवर्ग जो 'गाय', त्यानें 'मी फक्त गवत घेईन' असें म्हटलें. व्यवहारांत हें अगदीं रास्त दिसतें. परंतु समोर गाय आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, केवळ पशु आहे एवढेंच ठाऊक आहे, असा मनुष्य तिच्यापुढें मांसहि ठेवील, आणि यंत्राला तें आधीं ओळखतां येणार नाहीं. हें छिद्र विल्यम कुक यांनीं १९८९ सालीं दाखवून दिलें, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. जावा भाषेनें सरळ मार्ग धरला. तिच्यांत पोटवर्गाला मूळ मेथडची जागा घ्यावयाची असेल, तर रकाने तेच व तसेच ठेवावे लागतात.

जावाचा उल्लेख आला, तेव्हां तिच्याच घरांतील एक बोधप्रद गोष्ट सांगतों. जानेवारी १९९६ मध्यें जावाची पहिली आवृत्ति निघाली, तींत तारीख दाखविणारी एक वस्तु होती. तिला तीन आंकडे द्यावे लागत : वर्ष, महिना, दिवस. येथवर सर्व ठीक. पण वर्ष द्यावयाचें तें १९०० वजा करून, महिना मोजावयाचा तो शून्यापासून, आणि दिवस मात्र एकापासून! म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ हा मंगल दिवस लिहावयाचा झाल्यास ४७, ७, १५ असें लिहावें लागे. ही मोजणी सी नांवाच्या जुन्या भाषेच्या अंतर्गत सोयींतून आलेली होती. वापरणाऱ्याच्या सोयीशीं तिचा यत्किंचितहि संबंध नव्हता. ही रीत वापरूं नये, अशी सूचना पुढच्याच, म्हणजे १९९७ सालच्या, आवृत्तींत देण्यात आली. परंतु ती काढून टाकतां आली नाहीं. तिच्यावर विसंबून असंख्य आज्ञावली तोंवर लिहिल्या गेल्या होत्या, आणि म्हणून ती आजहि तेथें आहे. शेवटीं मार्च २०१४ मध्यें तारखांची एक नवीन व्यवस्था निराळी उभारावी लागली, तेव्हां कोठें १९४७, ८, १५ असें सरळ लिहितां येऊं लागलें.

लिनक्स या प्रणालींतहि असाच एक अवशेष आहे. तिच्यांतील एका हुकुमांत, एकंदर किती गोष्टींवर लक्ष ठेवावयाचें याचा अंदाज पूर्वीं विचारला जाई, कारण आंत तेवढी जागा राखून ठेवावी लागे. सन २००४ पासून आंतली रचना बदलली व त्या आंकड्याची गरज उरली नाहीं. तरी रकाना राहिला. त्यांत शून्याहून मोठा कोणताहि आंकडा लिहावा लागतो, आणि यंत्र त्याकडे पाहतहि नाहीं. पुढें २००८ सालीं तो रकाना नसलेला दुसरा हुकूम काढण्यांत आला. आंतल्या सोयीसाठीं बाहेरच्यास प्रश्न विचारला कीं, आंतली सोय बदलल्यावरहि तो प्रश्न गळ्यांत लोंबत राहतो, तो असा.

आतां त्या अवकाशयानाची हकीकत. अमेरिकेनें ता. ११ डिसेंबर १९९८ रोजीं मंगळाकडे एक यान सोडलें. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हें त्याचें नांव. वाटेंत त्याला जे लहान लहान धक्के दिले जात, त्यांचे आंकडे पृथ्वीवरील एक आज्ञावली फाइलींत लिही, आणि दुसरी त्यांवरून यानाचा मार्ग काढी. ठरावाप्रमाणें हे आंकडे न्यूटन-सेकंद या मापांत हवे होते. पहिली आज्ञावली ते पौंड-सेकंदांत देत होती. दोहोंत साडेचार पटींच्या जवळपास फरक आहे. फाइलींत होता तो नुसता आंकडा. मापाची खूण त्याला नव्हती. मंगळापासून सुमारें २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचें तें यान ता. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं अवघ्या ५७ किलोमीटरच्या आसपास उतरलें आणि कायमचें नाहींसें झालें. शाळेंत गणिताच्या उत्तरापुढें एकक लिहिलें नाहीं तर आम्ही मास्तरमंडळी गुण कापीत असूं, आणि मुलांना तो छळ वाटे. नुसता आंकडा हें पुरें उत्तर नव्हे, यापरतें आम्हांला कांहीं सांगावयाचें नसे. आजच्या ऑब्जेक्टच्या भाषांत 'लांबी', 'वजन', 'रुपये' असे निराळे वर्गच करतां येतात, म्हणजे एकाच्या रकान्यांत दुसरें घालूं गेल्यास यंत्र तेथल्या तेथें अडवितें. ही सोय हातीं असतां केवळ आळसानें सर्वत्र उघडे आंकडे मागणें, हें कोणत्याहि सबबीवर समर्थनीय नाहीं.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. रकाने जितके कमी तितकें चांगलें, असेंच या सर्वांचें तात्पर्य काय? नाहीं. वीस रकाने नकोत म्हणून वीसहि गोष्टी एका पिशवींत कोंबून ती पिशवी हातीं दिली, तर ओझें कमी होत नाहीं, फक्त दिसेनासें होतें. त्याहून वाईट म्हणजे गुप्त रकाने. एखादें काम बाहेरून कांहींच मागत नाहीं, परंतु आंतून गुपचूप यंत्राच्या घड्याळांतील तारीख पाहतें. मग तेंच काम आज एक उत्तर देतें आणि उद्यां दुसरें, आणि तपासणाऱ्याला कारण सांपडत नाहीं. म्हणून जावाच्या २०१४ सालच्या व्यवस्थेंत घड्याळ हीहि एक वस्तु करून ती रकान्यांतून देण्याची मोकळीक ठेवलेली आहे. ज्यावर उत्तर अवलंबून आहे आणि जें मागणाऱ्याला बदलावेंसें वाटेल, तें उघडपणें मागावें. बाकीचें आपण सोसावें.

आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें-मुली हेंच काम करून उपजीविका करितात. तीं दिवसभर काय लिहितात, हें आपणां वडीलधाऱ्यांस नीटसें कळत नाहीं. पण त्यांनीं ठरविलेला एकेक रकाना उद्यां त्यांच्या ओळखीदेखीच्या नसलेल्या शेंकडों माणसांना भरावा लागतो, आणि एकदां प्रसिद्ध झालेला रकाना मागें घेणें जवळजवळ अशक्य असतें, एवढें आजच्या विवेचनावरून आपल्या ध्यानांत आलें असेल. तेव्हां संध्याकाळीं तीं घरीं आलीं म्हणजे त्यांना अवश्य विचारा : आज जो रकाना तुम्ही नव्यानें घातला, तो भरणाऱ्याला त्याचें उत्तर ठाऊक असेल काय?